राणीसाहेबांचा दावा

तंजावरच्या भोसल्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दुसरे सरफोजीराजे आठवतात, त्यांचा सरस्वती महाल आठवतो. कामाक्षीबाईसाहेबांचं नाव मात्र कुणी काढत नाही. ते काढतात वकील, तेही विंग्रजी वळणाने ‘कामाची बोये साहबा’ असं.

शेवटचे राजे दुसरे शिवाजी 1855 मध्ये वारले. मुली होत्या, मुलगा नव्हता. कंपनी सरकारने संस्थान खालसा केलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कंपनीचे अधिकारी फोर्ब्ज शिपाई घेऊन वाड्यात शिरले आणि जडजवाहिरापासून जमिनीपर्यंत सगळ्याचा ताबा घेतला. राज्याचं काय आणि घरचं काय, हा भेदही केला नाही. राज्य गेलं तर गेलं, पण नवऱ्याची खासगी चीजवस्तू वारसांची, असं म्हणत त्यांच्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. इंग्रजांच्या कोर्टात इंग्रजांच्या कंपनीविरुद्ध. आणि जिंकला!

लंडनला प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये तो निकाल फिरवला. लॉर्ड किंग्जडाउन यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही सार्वभौम सत्तेची कृती, ‘ॲक्ट ऑफ स्टेट’. ती न्यायाची होती की अन्यायाची, हे पाहणं कोर्टाचं कामच नव्हे. पुढे 1862 मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना सोडली, पण आपल्या मर्जीने, कोर्टाच्या हुकमाने नव्हे. मला यातली जप्ती तितकी खुपत नाही. जप्त्या सगळ्याच राजवटी करतात. सरकारला जाब विचारण्याची जागाच किती सफाईने नाहीशी केली, ते खुपतं.

स्वतंत्र भारतात सरकारला स्वतःच्या नागरिकासमोर ही ढाल चालत नाही, आणि जाब फक्त मालमत्तेचाच विचारायचा असंही नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नागरिकाच्या खासगी आयुष्यात डोकवायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि गरजेपेक्षा जास्त डोकावणं नको. घटनेत असा हक्कच नाही, असं तोवर सरकारचे वकील सांगत होते.

मग पेगासस आलं. पत्रकारांच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घातलं का, या प्रश्नाला सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे करून सविस्तर उत्तर दिलं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये कोर्टाने बजावलं की सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून मोकळीक मिळत नाही, आणि चौकशी समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठाम सांगता आलं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने कोर्टाला कळवलं. किंग्जडाउनसाहेबांचं कोर्ट विचारणारच नाही म्हणालं होतं. आपल्या कोर्टाने विचारलं, पण सरकार गप्प बसलं. फरक मोठा आहे, हे मी मानतो; ज्याचा फोन होता त्याच्या हाती काय पडलं, ते मात्र विचारू नका.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच चष्म्यातून वाचावा. कलम 17 नुसार केंद्र सरकार सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकतं. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावरच्या नेमणुका केंद्राच्याच हातात. मंडळाच्या कक्षेतल्या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकार नाही, असं कलम 39 सांगतं. राणीसाहेबांना निदान पहिल्या पायरीवर कोर्ट मिळालं होतं! शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं: व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, ही त्यातली अट काढून टाकली. माझ्या खासगीपणाची शाल पांघरून बसला कोण, तर अधिकारी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(2) मधली जनहिताची वाट कागदावर शिल्लक आहे, एवढंच.

डेटा कायदा मोडल्याचा दंड जबर आहे, 250 कोटी रुपयांपर्यंत. ज्याचा डेटा फुटला त्याला त्यातून दमडीही नाही. सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्याच तिजोरीत. नुकसानभरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 43 अ हे कलम गाळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.