कर्ज कोणाच्या पगारावर काढायचे?

व्यवस्थापनाच्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक हातात घेतले की दोन आकडे आधी डोळ्यांत भरतात: सर्वांत मोठे पॅकेज आणि सरासरी पॅकेज. कर्ज काढू पाहणाऱ्या घरात निर्णयही बहुधा त्यांच्याच जोरावर होतो, आणि माझ्या मते त्या निर्णयासाठी हेच दोन आकडे सर्वांत निरुपयोगी आहेत. पाच विद्यार्थ्यांना वर्षाला ४, ४, ५, ६ आणि ३१ लाख मिळाले तर सरासरी १० लाख भरते; पण त्या पाचांत १० लाखांच्या जवळपासही कोणी नाही. दहावीच्या गणितात आपण जो मध्यक शिकतो, तो इथे ५ लाख येतो. आपला मुलगा किंवा मुलगी त्या पाचांतली कोणती ठरेल हे प्रवेशाच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून कर्जाचा हिशेब मधल्या विद्यार्थ्याच्या पगारावर मांडावा, आणि घरात दुसरा आधार नसेल तर त्याच्याही खालच्याच्या.

तो हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, दोन वर्षांत दर वर्षी ५ लाख असे १० लाख रुपये १० टक्के व्याजाने घेतले. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सरळव्याजाने ते अडीच लाख होते आणि मुदलात मिळवले जाते. साडेबारा लाखांचा दहा वर्षांचा मासिक हप्ता होतो सुमारे १६,५०० रुपये. आता ५ लाखांच्या पॅकेजमधून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, मालकाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मग कर्मचाऱ्याची स्वतःची कपात आणि व्यवसाय कर वजा केले, तर हातात ३३,००० च्या आसपास उरतात. पण तुलना या ३३,००० शी नाही. बी.कॉम.नंतर लगेच कामाला लागलेल्या मित्राला २०,००० मिळत असतील, तर पदवीची खरी कमाई मधल्या १३,००० रुपयांची आहे. तिच्यावर हप्ता १६,५०० चा! दोघांचाही पगार दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढला तर हा फरक चौथ्या वर्षी हप्त्याच्या जवळ येतो आणि पाचव्या वर्षी पुढे जातो. मात्र शिकण्यात गेलेल्या दोन वर्षांचा बुडालेला पगार, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये, दहा वर्षांतही भरून निघत नाही. तो निघतो अकराव्या वर्षी. मित्राला त्या दोन वर्षांत मिळालेली पगारवाढ मी यात धरलेलीच नाही.

यावर कोणी म्हणेल की पदवी काही पहिल्या दहा वर्षांपुरती नसते. बढत्या पुढे मिळतात, ओळखी आयुष्यभर पुरतात. हे खरे आहे, आणि कर्ज कधी काढूच नये असे माझे म्हणणेही नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे शुल्क २५ लाखांच्या घरात असूनही तिथे कर्ज काढणे बहुतेकांना परवडते. पण ते का परवडते हे पाहिले पाहिजे. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले की पदवी ही नोकरी देणाऱ्यासाठी एक खूणही असते: हा उमेदवार कठीण चाळणीतून आला आहे एवढे ती सांगते. म्हणजे आयआयएमच्या पदवीधराच्या पगाराचा काही भाग त्या चाळणीचा आहे. ज्या महाविद्यालयात जागा रिकाम्या राहतात आणि अर्ज करील त्याला प्रवेश मिळतो, तिथे चाळणीच नाही. एकीकडचा हिशेब दुसरीकडे लावणे ही शुद्ध फसगत आहे, आणि दोन्हीकडच्या पदवीचे नाव एकच असल्याने ती सहज होते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. असे हिशेब घालत बसले तर गरीब घरातले मूल वर कधी येणार? पैसेवाल्यांची मुले हिशेब न करता शिकतात, मग यांनीच का करावा? कारण अंदाज चुकला तर श्रीमंत घराची बचत कमी होते. गरीब घरात मात्र सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांची पत जाते, आणि कर्ज साडेसात लाखांच्या वर असेल तर अनेकदा तारण ठेवलेले घरही पणाला लागते. ही जोखीम एकट्या कुटुंबावर टाकलीच पाहिजे असे नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून अशी पद्धत चालवली आहे की पदवीधराचे उत्पन्न ठराविक रेषेच्या वर गेल्यावरच परतफेड सुरू होते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही आहे, पण तीही सवलतीच्या काळापुरती. मदत खरी आहे. तरीही पगार २० हजार असो की ६० हजार, हप्ता तेवढाच राहतो.

उत्पन्नाशी बांधलेली परतफेड आपल्याकडे येईल तेव्हा येईल; तोवर निदान माहिती तरी मिळावी. शिक्षणसंस्थांच्या ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे स्वतःच भरून देतात; ते तक्ते सर्वांना पाहता येतात. त्यातला मध्यकही नोकरी लागलेल्यांचाच असतो, आणि क्रमवारीत न उतरलेल्या महाविद्यालयांबद्दल तेवढेही कळत नाही. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवायला २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. मान्य शुल्काच्या शेजारी त्या महाविद्यालयाच्या मागच्या तीन वर्षांच्या पगाराचा मध्यक आणि नोकरी न लागलेल्यांची संख्या तपासून छापणे सक्तीचे करावे, अशी मागणी पालकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी आता लावून धरली पाहिजे. आणि या वर्षी ज्यांच्या घरात कर्जाचा अर्ज भरला जाणार आहे त्यांनी सही करण्याआधी महाविद्यालयाकडे हे दोन आकडे लेखी मागावेत. ते मिळाले नाहीत तर तिथे कर्ज काढून जाऊ नये.