विषाची बदली

सरकारी भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांच्या उच्चारानेच मनाला समाधान मिळते. 'निकाल' हा त्यांपैकी एक होय. अर्जाचा निकाल लागतो, प्रकरणाचा निकाल लागतो आणि त्याच ओघात कचऱ्याचाही निकाल लावला असे आपण म्हणतो. परंतु निकालात निघालेले प्रकरण दप्तरखान्यात निमूटपणे पडून राहते. विषारी कचरा तसा राहत नाही. तो झिरपतो, उडतो, पेट घेतो आणि ज्याचा त्याच्याशी कधी संबंध आला नाही अशा माणसाच्या विहिरीत एके दिवशी वर येतो. म्हणून अशा कचऱ्याचा निकाल लावणे म्हणजे नेमके काय करणे, हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न नसून नीतीचाही प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

भोपाळचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधली ती रात्र जगाच्या स्मरणात राहिली. पण कारखान्याच्या आवारात जे मागे उरले त्याचे स्मरण ठेवण्याची निकड फार थोड्यांना वाटली. अर्धवट तयार झालेली कीटकनाशके, रासायनिक भांड्यांतील अवशेष, दूषित माती अशा मालापैकी सुमारे ३३७ टन माल पुढे गोळा करून आवारातच बांधून ठेवण्यात आला. तो अंकलेश्वरला न्यावा असे ठरले, तेव्हा गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या भट्टीचे नाव निघाले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ मध्ये जर्मनीला पाठविण्याची बोलणी झाली, तीही तेथील विरोधामुळे फिसकटली. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद वाहनांतून हा माल सुमारे २५० किलोमीटरवरील पीथमपूरला नेला गेला. इंदूर-धारचा हा मुलूख तर आपल्यापैकी पुष्कळांना घरासारखा! तेथेही लोक रस्त्यावर उतरले. चाचण्या घेऊन तो माल जून २०२५ च्या अखेरीस जाळून संपविण्यात आला. आणि मागे मूळ मालाहून अधिक वजनाची राख उरली, कारण ज्वलनात व धूर शुद्ध करण्यात चुना इत्यादी द्रव्ये घालावी लागतात.

यात दोष कोणाचा? नकार देणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्रपणे पाहिले तर वाजवी होते. आपल्या मुलाबाळांच्या हवेपाण्याची चिंता करणे हा काही अपराध नव्हे. परंतु या सर्व वाजवी नकारांची बेरीज मात्र अन्यायाची झाली. ज्यांनी आधीच सर्वांत अधिक सोसले होते, त्यांच्याच शेजारी ते विष चाळीस वर्षे राहिले. नकार देण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याच्या दारात धोका मुक्कामाला येतो, हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. पण तो पाळला मात्र काटेकोरपणे जातो. 'दृष्टिआड सृष्टी' ही म्हण आपण हसत म्हणतो. तिच्यात केवढा निष्ठुरपणा दडला आहे, हे त्या आवाराभोवतीच्या वस्त्यांनी जाणले आहे.

वास्तविक अशा कचऱ्याला कसे वागवावे हे शास्त्राला ठाऊक आहे. कोणता कचरा ज्वालाग्राही, कोणता आम्लासारखा झिजविणारा, कोणता दुसऱ्या पदार्थाच्या संयोगाने भडकणारा आणि कोणता विषारी, हे आधी ठरवावे. मग प्रत्येक वेगळा ठेवावा. कारण मुलामा देण्याच्या कारखान्यातील सायनाइडमध्ये आम्ल मिसळले, तर त्यातून प्राणघातक वायू निघतो. सेंद्रिय विषे अकराशे अंशांहून अधिक उष्णतेत नष्ट करता येतात. पण शिसे किंवा क्रोमियम आगीने नाहीसे होत नाही. अशी द्रव्ये सिमेंटसारख्या पदार्थात बांधून, चिकणमाती व प्लॅस्टिकचे अस्तर दिलेल्या खड्ड्यात पुरावी लागतात. तेथे झिरपणारे पाणी गोळा करावे लागते आणि खड्डा बंद झाल्यावरही भोवतीच्या भूजलाची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. आपल्याकडील २०१६ च्या नियमांनुसार कारखानदाराला असा माल सामान्यतः ९० दिवसांहून अधिक साठविता येत नाही. माल निघाला की त्याबरोबर सात रंगांच्या प्रतींचे पत्रक निघते आणि माल योग्य ठिकाणी पोहोचल्याची प्रत पाठविणाऱ्याकडे परत यावी लागते.

या नियमांकडे रूक्ष कारकुनी म्हणून पाहणे सोपे आहे. आम्हांस त्यांत एक नीतिविचार दिसतो. वस्तूला तिचे खरे नाव द्या. जे एकत्र येता कामा नये ते एकत्र येऊ देऊ नका. आपल्या हातून सुटले म्हणून ते संपले असे समजू नका. आणि जे नष्ट करता येत नाही, त्यावर पहारा ठेवा. समुद्रमंथनाच्या कथेत अमृताची इच्छा सर्वांना होती, हलाहल घेण्यास एकच पुढे आला. पण तो स्वेच्छेने पुढे आला. आपण मात्र ज्याने अमृत चाखले नाही त्याच्या कंठात, त्याला न विचारता, हलाहल ओततो.

परगावी नोकरीवर असलेल्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाची एक विशेष बाजू आहे. आपली बदली होते; विषाची होत नाही. तीन वर्षांत कार्यभार सोपवून आपण निघतो, तेव्हा तेथील माणसे, तेथील विहिरी आणि तेथील बंद गुदामे तिथेच असतात. कोणी म्हणेल, कार्यभार दिला की अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व संपले. कायद्याने ते कदाचित संपत असेल. पण जो धोका आपल्याला दिसला आणि जो आपण कागदावर आणला नाही, तो आपण मागून येणाऱ्याच्या माथी मारतो. आणि मागून येणारा निदान अधिकारी तरी असतो, त्या विहिरीचे पाणी पिणारे मूल काहीच नसते. त्या गावाची भाषा आपली नसेल, तेथे आपले घर नसेल, आपले आप्त नसतील. म्हणूनच तेथे आपल्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा होते. स्वतःच्या अंगणाची काळजी तर सर्वच घेतात.

सारांश, अशा कचऱ्याचा निकाल लागत नाही. त्याची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते एवढेच. ती देताना दोन्ही हातांना ओझ्याचे खरे वजन माहीत असावे आणि ज्यांच्या जमिनीवर ते ओझे उतरावयाचे, त्यांना आधी विचारलेले असावे. एवढे ज्या कार्यालयात पाळले जाते, तेथेच 'निकाल' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आहे.