खाचर गहाण टाकण्याआधी

चि. बाळास,


दादाच्या हर्नियासाठी कल्याणच्या खाजगी दवाखान्यात सांगितलेला आकडा तू फोनवर कळवलास आणि लगेच भाताचं खाचर गहाण टाकायचं काढलंस. खाचराला हात लावू नकोस. तो आकडा कशाकशाचा मिळून झाला ते आधी समजून घे. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून उभी राहिले, त्या अधिकाराने सांगते.

पहिला फरक पद्धतीचा. उघड्या ऑपरेशनला जांघेत एक छेद असतो, बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारणपणे पूर्ण भूल लागते, यंत्रं महागडी, आणि जाळी टाचायचं सामान वेगळं लावलं तर बिल आणखी चढतं. दोन्ही बाजूंना हर्निया असला किंवा उघड्या ऑपरेशननंतर तो पुन्हा आला असला, तर दुर्बिणीचा खरा फायदा आहे. दुखणंही कमी असतं. पण दादाचा एकाच बाजूचा आणि पहिल्यांदाच झालेला. त्याला उघडं ऑपरेशन म्हणजे कमी दर्जाचा इलाज, असं कोणी म्हटलं तर मानू नकोस.

मग खोली. अनेक खाजगी दवाखान्यांत स्पेशल रूम घेतली की भाडं तर वाढतंच, शिवाय सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांचे दरही त्याच वर्गाचे लागतात. नातेवाइकांना हे बिल हातात पडल्यावर कळतं.

आणि जाळी. विरलेल्या जागी ती ठिगळासारखी बसवतात. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी गरीब रुग्णांसाठी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर तसल्या स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. 2016 साली निकाल छापून आला: वर्षभरानंतर हर्निया उलटण्यात म्हणावा असा फरक नाही. किमतीत मात्र एक डॉलर आणि सव्वाशे डॉलर एवढं अंतर. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी तर रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरून जाळीविना दुरुस्ती करायची रीत बसवली. आपल्याच मातीतल्या या सर्जनांचा मला फार अभिमान वाटतो. बाजारातली मच्छरदाणी घेऊन जा, असं मी म्हणत नाही. कोणती जाळी वापरायची ते डॉक्टरच ठरवतील. पण ‘इंपोर्टेड जाळी घेतलीच पाहिजे’ असं ऐकलंस, तर साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी का चालणार नाही, हे विचारायला लाजू नकोस.

आता पैसे न लागण्याची वाट. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळे उपचार मोफत आहेत. टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जनची सोय नसेल तर तिथूनच चिठ्ठी घेऊन शहापूरच्या उपजिल्हा किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जा. जाळी तिथेच मिळेल की बाहेरून आणायची, हे आधीच विचार. खाजगीतच जायचं झालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेट. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली असतात. दादाचं त्यात येतं का, ते तो सांगेल. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांच्या आत असेल तर पहिल्यात, 3,60,000 च्या आत असेल तर दुसऱ्यात बसता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मुरबाडहून काढून ठेव.

सगळ्यात महाग पडते ती चालढकल. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला की ते कापावं लागतं, आयसीयू लागतं, आणि जीवही जातो. गाठ कडक झाली, आत जाईना, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची एसटी बघत बसू नका. 108 ला फोन करा, अँब्युलन्स फुकट येते. गाठ अजून सहज आत जाते, डॉक्टरही थांबायला चालेल म्हणाले, तर कापणी-झोडणी उरकून घ्या, पण तारीख आत्ताच ठरवा. पुढचे काही आठवडे दादाला पोती, भारे उचलता येणार नाहीत. ती बुडणारी मजुरीही खर्चातच धर. आणि त्याची बिडी आजपासून बंद. खोकल्याच्या उबळीने शिवलेली जागा ताणली जाते, जखमही उशिरा भरते.

येत्या सोमवारी दादाला घेऊन टोकावड्याच्या ओपीडीत जा. त्याचं आधारकार्ड आणि रेशनकार्ड, दोन्ही मूळ प्रती बरोबर ने. डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव, आणि तोवर कोणाकडून एक रुपयाही उसना घेऊ नकोस.

तुझी,
आत्या