दाव्याला येणारी कालवड

दिव्य कुरआनमध्ये ‘ज़लूल’ असा एक शब्द आहे. माणसाळलेले, कामाला सरावलेले, वश झालेले, असा त्याचा आशय. सूरह बकरामध्ये बनीइस्राईलला ज्या गायीची कुर्बानी देण्याचा आदेश झाला, तिची एक खूण हीच होती की ती ‘ज़लूल’ नसावी. तिने ना जमीन नांगरलेली असावी, ना शेताला पाणी दिलेले असावे. सूरह यासीनच्या ७२व्या आयतीत याच धातूपासून बनलेले क्रियापद येते आणि तेथे कर्ता स्वतः अल्लाह आहे. गुरेढोरे मानवाच्या अधीन त्याने केली आहेत, आणि लगेच पुढे विचारणा आहे ती कृतज्ञतेची.

कर्ता कोण, हे आपण गोठ्यात विसरतो. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारच्या पंचक्रोशीत गुरे राखणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग परिचित असेल. कालवड लहानपणापासून मोकळी हुंदडते. दीड-दोन वर्षांची झाल्यावर, पुष्कळदा बाजाराच्या आदल्या दिवशीच, तिला पहिल्यांदा म्होरकी चढवली जाते. ती मान हिसडते, पाय रोवते, शेवटी बसकण मारते. मग शेपूट पिरगळले जाते, तोंडावर काठी बसते. जनावराच्या तोंडावर मारण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट मनाई केली आहे; सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून ही हदीस आलेली आहे.

त्याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. हजरत आयशा (रजि.) एका अडेल उंटावर स्वार होत्या आणि त्याला पुढे-मागे हिसकत होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना सौम्यतेने वागण्यास सांगितले. ज्या गोष्टीत सौम्यता असते ती शोभून दिसते आणि जिच्यातून ती काढून घेतली जाते ती विद्रूप होते, असा त्या शिकवणीचा आशय आहे. लक्षात घ्यावे की उंटावरून उतरा किंवा त्याला सोडून द्या, असे त्यांनी सांगितले नाही. उंट अडेल होता, हेही नाकारले नाही.

सौम्यता म्हणजे दोर सोडून देणे नव्हे. जाणते गुराखी काय करतात ते पाहावे. म्होरकी आधी काही दिवस नुसती अंगावर राहू देतात. मग पक्क्या खुंट्याला, पाय अडकणार नाही इतक्या आखूड दाव्याने, थोडा वेळ बांधतात आणि जवळच थांबतात. हातून कडब्याची पेंढी देतात, गळ्याखाली खाजवतात. चालवताना समोरून ओढत नाहीत, थोडे बाजूला ओढतात, म्हणजे तोल सावरण्यासाठी तिला पाऊल टाकावेच लागते. पाऊल पडताच दोर सैल. सारे मर्म या सैल सोडण्यात आहे. आपण ऐकले की ताण संपतो, हे मुक्या जीवाला त्याच क्षणी कळते. ऐकूनही ताण कायम राहिला तर ऐकण्याचे तिला कारणच उरत नाही. (घरातील मुलांच्या बाबतीतही पालकांनी याचा विचार करावा.) दाव्याचा वेढा मात्र हाताला कधीही घेऊ नये, बुजलेली कालवड माणसाला फरफटत नेते.

यास आठ-पंधरा दिवस लागतात, आणि खरी अडचण तीच आहे. पेरणी तोंडावर असते, घरात पैशाची निकड असते. तरीही अबू दाऊदमधील ती हदीस आठवावी. एका अन्सारीच्या बागेत प्रेषितांना (स.) पाहून उंटाच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. त्यांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, मालक कोण म्हणून विचारले आणि त्या तरुणाला बजावले की अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराविषयी अल्लाहचे भय बाळग. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस, अशी त्याची तक्रार आहे.

वेळ खरोखरच नसेल आणि कालवड विकावी लागत असेल, तर विकण्यास हरकत नाही. मात्र दोष लपवून माल विकणे मुसलमानाला वैध नाही. ती दाव्याला अजून सरावलेली नाही, लाथ झाडते, हे सौदा ठरण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगावे, मग भाव उतरला तरी.