महाग पोरं

शाळेचा सरकारी पैसा मुळात कुणाचा, हे आधी ठरवू. मग तो कुठं घालायचा ते बोलता येईल.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं रोखठोक सांगितलं, की तिजोरी भरते शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामानं आणि रिकामी होते वरच्यांच्या शिक्षणावर. १९२७ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी तोच हिशेब आण्यांत मांडला. शिक्षणावर माणशी १४ आणे, आणि दारूच्या अबकारीतून वसुली माणशी दोन रुपयांवर! दारूतून घेता तेवढं तरी शिकवण्यावर घाला, ही मागणी. आपल्या वाळूजला बिअरचे कारखाने आहेत. हा हिशेब आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

त्याच भाषणात ते म्हणाले, शंभर पोरं शाळेत येतात, चौथीपर्यंत अठराच पोचतात. म्हणजे पोर टिकलं तरच पैसा लागला. नाहीतर गेला वाहून.

आता आजचं बघा. २००९ च्या कायद्यानं खाजगी शाळेत पाव जागा वंचित-दुर्बलांच्या पोरांना. फी सरकार भरणार, महाराष्ट्रात पोरामागं वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत. बजाजनगरातला काँट्रॅक्टवाला फॉर्म भरतो अन् सोडतीकडं डोळे लावून बसतो. नंबर लागला की पेढे. त्या पेढ्यांचा मला राग नाही. पण सोडतीत लागतं त्याला हक्क कसं म्हणायचं? ज्याचा नंबर लागला नाही, त्या पोराचा गुन्हा काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला. किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, तर खाजगी शाळेवर ही सक्ती नाही. ऐकायला रास्त वाटतं, सरकारचा पैसा सरकारी शाळेत. पण पाच महिन्यांपूर्वीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, हेच सरकार वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मोजत होतं, समूहशाळा करायला. सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक द्यायचा जी.आर.ही त्याच महिन्यातला. म्हणजे खाजगीचं दार लावायचं अन् सरकारी शाळेचं छप्पर काढायचं. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टानं तो नियम रद्द केला, बरं झालं. मिळालेली जागा कुणी सोडू नका. पण चळवळीची मागणी सोडतीची नको.

खरा प्रश्न पटाचा आहे. तांड्यावरचं, वस्तीवरचं पोर परवडत नाही म्हणतात. सतरा पोरांना दोन मास्तर, खर्च जास्त. कबूल, महाग पडतं. ऊसतोडीला आई-बाप गेले की त्याला हंगामी वसतिगृह लागतं, तेही महाग. मग काय? बरोबरी म्हणजे माणशी सारखे रुपये नव्हेत. ज्याच्या घरात आजवर पाटी आली नाही, त्याच्यामागं जास्त पैसा लागणारच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या आज्याकडून फुकट राबवून घेतलं, तेव्हा परवडण्याचा प्रश्न कुणाला पडला नव्हता. म्हणून पहिला रुपया त्या शाळेत. मास्तर, पाणी, पोरींच्या संडासाला कडी. उरलं तर बाकीचं.

याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. पाऊण सभासद पालक, निम्म्या बाया. आलेला पैसा कुठं गेला हे बघायचा अधिकार तिचा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण रात्र-रात्र बसून तपासतो. या समितीत आपल्या वस्तीतलं कोण आहे, ते आधी शोधा. अन् पुढची बैठक कधी, ते मास्तरला विचारून या.