बारवेतले पाणी

सहलीला निघालेला मनुष्य थोडासा स्वार्थी असतो. त्याला आभाळ निळे हवे असते, रस्ते कोरडे हवे असतात, आणि नदीनाले मात्र तुडुंब भरलेले हवे असतात. स्वतःच्या विवंचना तो घरी कुलपात ठेवून येतो; दुसऱ्याच्याही विवंचना वाटेत आडव्या येऊ नयेत, अशी त्याची अपेक्षा असते. चार दिवस सुखाने हिंडावे, यात गैर ते काय, असे मीही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. २०२५ च्या शरदात पिंगळीला गेलो, तेव्हा मात्र प्रथमच माझी मला शंका आली.

परभणीहून पूर्णेकडे निघाले की पिंगळी हे पहिलेच स्टेशन. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हा लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून आला. गावातली दगडी बारव त्याच्याही कितीतरी आधीची. परभणी जिल्हा अशा बारवांनी श्रीमंत आहे. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आणि चारठाण्याची पुष्करणी पाहायला लोक दुरून येतात. दिवाळी आठवड्यावर आली होती. आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ होते. बारवेच्या खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या, आणि त्या पाण्यात वरचा दगड न् दगड उलटा उतरलेला! मुले हरखली. मीही म्हणालो, “काय सुंदर पाणी आहे!”

काठावर एक म्हातारी शेळी घेऊन उभी होती. तिने विचारले, “पाणी बघायलाव व्हय, बापू?”

“हो मावशी. यंदा भरपूर आहे.”

“भरपूर की! ह्याच पाण्यानं आमचं सोयाबीन नेलं. बारव झाली बघून, आता शेत बी बघून जा.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. घर दाखवावे तसे तिने आम्हांला शेत दाखवले. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते, आणि पान उलटले होते. येथे पान उलटता येत नव्हते. शेंगा काळ्या पडल्या होत्या. कित्येकींना झाडावरच कोंब फुटले होते. काळी जमीन पाणी धरून ठेवते, हा एरवी तिचा केवढा गुण! त्या वर्षी तोच पिकाच्या मुळावर आला होता.

धाकटी म्हणाली, “बाबा, मग पाणी चांगलं की वाईट?”

मला उत्तर सुचले नाही. परतताना मात्र वाटले, तिच्या प्रश्नामागे माझाच प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या पावसाने खुललेली शोभा आपण आनंदाने पाहावी काय? पाहू नये म्हणावे, तर त्याने म्हातारीचे एक दाणाही सोयाबीन परत येणार नाही. शिवाय बारव बांधणारा काही नुसता पाण्याचाच धनी नव्हता. घागर भरायला चार ओबडधोबड पायऱ्या पुरल्या असत्या. त्याने त्या रेखीव केल्या. तहान आणि सौंदर्य यांची फारकत त्याने केली नाही. कालिदासानेही ‘ऋतुसंहारा’त शरद गाताना चांदण्याबरोबर पिकलेली भातशेते पाहिली. फारकत करतो तो आपल्यासारखा पाहुणा. तो चौकटीत बारव घेतो आणि शेत बाहेर ठेवतो.

आनंद घेण्यात पाप नाही. अर्धेच पाहून ‘पाहिले’ म्हणण्यात खोटेपणा आहे. म्हातारीने मला लाजवले नाही, पाहू नको असेही म्हटले नाही. आणखी पाहा, एवढेच तिने सांगितले.

निघताना तिने ओच्यातली दोन सीताफळे मुलांच्या हातांवर ठेवली. पैसे देऊ केले, तर म्हणाली, “दिवाळीचं हाय, राहू द्या.” गाडीत आम्ही ती फोडून खाल्ली. फार गोड होती. खिडकीबाहेर तेच निळे आभाळ होते, आणि त्याखालची शेते या वेळी मला दिसत होती.