भीक की प्रसाद?



फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, असे मी कीर्तनातून अनेकदा सांगितले. परवा भंडारदऱ्याला एका भातशेतकऱ्याच्या घरी मुक्काम पडला. केंद्राचा किसान सन्मान निधी २०१९ पासून, राज्याचा नमो निधी २०२३ पासून. दोन्ही मिळून वर्षाला १२ हजार, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी. म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये. एवढ्यात कोण आळशी होईल?

घरची माय म्हणाली, "महाराज, आवणीच्या खतासाठी दुकानदाराच्या ओट्यावर हात जोडून बसावं लागायचं. औंदा रोखीनं आणलं."

माझीच मान खाली गेली. एवढ्याने संसार चालत नाही. पाऊस हवा, भाताला भाव हवा. पण मान ताठ राहते, हे काय थोडे? दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडले, ते आलेल्याची परीक्षा न घेता. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, तेव्हा ऋणकोंची लाजही राखली.

वारीत गावोगावी आपण शेतकऱ्याच्या हातची भाकरी खातो. तिला भीक म्हणत नाही, प्रसाद म्हणतो. मग त्याने चार पैसे घेतले, तर आपली जीभ का घसरावी?

रामकृष्ण हरी.